गरोदरपणातला संसर्ग आणि टॉर्च रिपोर्ट: या चुका टाळा

एखादा गर्भपात झाला की पुढच्या खेपेला टॉर्च तपासणी (टोक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा, बाळाला अपाय करू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) हमखास लिहून मिळते. रिपोर्टात दोन-तीन ठिकाणी ‘पॉझिटिव्ह’ दिसतं आणि सगळं घर धास्तावतं. आधी आयजीजी पॉझिटिव्ह आहे की आयजीएम, ते बघा; ही संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं. आयजीजी ही पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण, आयजीएम सहसा ताज्या संसर्गाची. रुबेलाचा आयजीजी तर पॉझिटिव्ह असलेलाच बरा, मग तो लशीमुळे असो वा जुन्या आजारामुळे. नुसत्या आयजीजीवर गोळ्यांचा कोर्स घेणं म्हणजे पैसे वाया.

आयजीएम पॉझिटिव्ह आला तरी लगेच गर्भपाताचा विचार नको. टोक्सोप्लाझ्मात तो कित्येक महिने, कधी वर्षभरही रेंगाळतो, खोटाही येतो. अशा वेळी ‘अ‍ॅव्हिडिटी’, म्हणजे आयजीजी जंतूला किती घट्ट चिकटतं ते, तपासायला सांगा. पहिल्या तीन महिन्यांतल्या रक्तात ती जास्त निघाली, तर संसर्ग बहुधा दिवस जाण्याआधीचा. हीच तपासणी सातव्या महिन्यात केली तर हे सांगता येत नाही. दुसरा नमुना दोन-तीन आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये द्या.

रुबेलाचा आयजीजी निगेटिव्ह असेल तर गरोदरपणात लस घ्यायची नाही; ती बाळंतपणानंतर, आणि मग महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पहिल्या 12 आठवड्यांतल्या रुबेलाने बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतात.

खरी हळहळ वाटते ती टॉर्चवर खर्च होतो आणि साधी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, राहून जाते तेव्हा. सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार; त्याची जखम दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. बाळ मात्र पोटातच दगावू शकतं. उपाय हाताशी आहे: बेंझाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, कमरेत. आजार कधीचा ते माहीत नसेल तर दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. मधली तारीख चुकली तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून करावा लागू शकतो. अ‍ॅलर्जी आहे म्हणून दुसऱ्या गोळ्यांवर भागवू नका, त्यांनी बाळावर खात्रीचा उपचार होत नाही. दवाखान्यात दाखल होऊन शरीराला पेनिसिलिनची हळूहळू सवय लावता येते. नवऱ्याचे उपचार टाळले तर संसर्ग परत येतो. उपचार बाळंतपणाच्या निदान 30 दिवस आधी व्हायला हवेत, म्हणून तारखा कार्डावर लिहून घ्या.

हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला लस 24 तासांच्या आत हवी, शक्यतो 12 तासांत, आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन). ते आयत्या वेळी मिळेलच असं नाही. नवव्या महिन्यातच चौकशी करून ठेवा. अंगावरचं दूध बंद करायचं कारण नाही.