एटीव्हीच्या नव्या क्लच किटची जुळवणी

महूजवळच्या आमच्या शेतावरील एटीव्हीला (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या चारचाकीला) मूळ कंपनीचे नसलेले, बाहेरचे क्लच किट (क्लचच्या स्प्रिंग व वजनांचा संच) बसवल्यानंतर गाडी जागेवरून झटक्याने सुटू लागली, परंतु पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिनाचे आरपीएम मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत चढेनात, आणि चढावर बेल्टचा जळका वास येऊ लागला. ही लक्षणे वेगवेगळ्या भागांची आहेत. या गाडीत इंजिनाची ताकद दोन पुल्यांवरच्या बेल्टमधून चाकांकडे जाते आणि इंजिनाकडील पुढची पुली क्लचचेही काम करते. या पुढच्या पुलीतील स्प्रिंग कडक असली की क्लच उशिरा, जास्त आरपीएमवर पकडतो, म्हणून झटका बसतो. याउलट त्याच पुलीतील वजने (जी फिरताना बाहेर फेकली जाऊन तबकड्या जवळ ढकलतात) जड असली की पुलीच्या तबकड्या लवकर जवळ येतात, गाडी वरच्या गिअरमध्ये गेल्यासारखी होते आणि इंजिन दबते. शिवाय इंदूर परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच असल्याने विरळ हवेत ताकद थोडी घटते, त्यामुळे सखल प्रदेशासाठी ठरवलेले वजन येथे जडच पडते. किटसोबतच्या पत्रकात याचा उल्लेख असायला हवा होता.

झाकण काढल्यावर काळ्या मातीची पूड व बेल्टचा भुगा दिसला, आणि बेल्टच्या कडा आरशासारख्या चकाकत होत्या (बेल्ट घसरल्याची खूण). असा बेल्ट ठेवून केलेली जुळवणी व्यर्थच, म्हणून नवा घातला. तबकड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या (तेथे ग्रीसचा थेंबही नको), मूळ स्प्रिंग परत लावली आणि हलकी वजने टाकण्यापूर्वी ती सारखी असल्याची खात्री सराफ्यातील ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर करून घेतली.

सिमरोलच्या घाटात आता आरपीएम आकड्यावर टिकतात आणि वासही येत नाही. भरलेली ट्रॉली ओढताना मात्र लो गिअरच लावावा लागतो.