डेटनमध्ये राइट बंधूंच्या जागा पाहताना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहरात राइट बंधूंच्या स्मरणार्थ उभं असलेलं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान एका कुंपणात मावत नाही. त्याच्या जागा शहरभर विखुरलेल्या आहेत. त्यामुळे गाडी हवीच, आणि सकाळी लवकर निघायला हवं. सिनसिनाटीहून डेटन साधारण ९० किमी आहे, कोलंबसहून ११५.

सुरुवात साउथ विल्यम्स स्ट्रीटपासून करा. इथे माहिती केंद्र आहे आणि शेजारीच राइट बंधूंचं सायकलचं दुकान, ज्यात त्यांनी १८९५ ते १८९७ धंदा केला. ज्या दुकानात विमान घडलं ते हे नव्हे. ते आणि त्यांचं राहतं घर हेन्री फोर्ड यांनी उचलून मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला नेलं. माहिती केंद्रात तिकीट नाही. इथेच रेंजरला (उद्यानाच्या कर्मचाऱ्याला) विचारून घ्या, की आज हफमन प्रेअरी, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणांचं मैदान, उघडं आहे का.

हा प्रश्न विसरू नका. ते मैदान हवाई दलाच्या तळाच्या हद्दीत आहे आणि तळाच्या कारणाने अचानक बंद होऊ शकतं. मग दिवसातली सगळ्यात मोलाची जागा हुकते.

पुढे करिलॉन पार्क हे खुलं संग्रहालय. इथे तिकीट लागतं, आणि ते काढावंच, कारण राइट बंधूंचं १९०५ चं खरं विमान 'फ्लायर थ्री' इथे आहे. (१९०३ चं विमान वॉशिंग्टनला आहे, बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो.) विमान मुद्दाम खोलगट जागेत ठेवलंय, त्यामुळे वरून पंख नीट दिसतात. पुढचा आडवा सुकाणू पाहा. १४ जुलै १९०५ च्या अपघातानंतर भावांनी तो मोठा केला आणि पंखांपासून आणखी पुढे नेला, तेव्हा कुठे विमानाचं नाक वरखाली होणं आवरलं. मागचा उभा सुकाणूही त्याच वर्षी पंखांच्या पिळापासून (तोल सांभाळायला पंखांची टोकं मुरडण्याच्या यंत्रणेपासून) वेगळा करून त्याला स्वतंत्र दांडा दिला. वैमानिक मात्र अजून पालथाच झोपायचा.

हे पाहूनच हफमन प्रेअरीला जा, म्हणजे मैदान बोलायला लागतं. ८४ एकरांचं कुरण. मालकाने भाडं घेतलं नाही, फक्त उड्डाणाआधी गाईघोडे बाहेर काढा म्हणाला. १९०३ चं पहिलं उड्डाण जिथे झालं त्या समुद्रकाठच्या किटी हॉकसारखा वारा इथे नसल्याने, विमान ज्यावरून घसरत सुटायचं तो रूळ लांबलचक टाकूनही ते उठेना. म्हणून सप्टेंबर १९०४ मध्ये मनोऱ्यावरून जड वजन सोडून दोरीने विमान ओढायची युक्ती केली. मनोरा आणि छपरी पुन्हा बांधून ठेवल्या आहेत. मनोऱ्यापाशी उभं राहून रुळाची दिशा डोळ्यांसमोर आणा. २० सप्टेंबर १९०४ ला इथेच पहिलं पूर्ण वर्तुळ झालं. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर ३९ मिनिटं हवेत राहिले, सुमारे ३९ किमी. किटी हॉकचं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं, म्हणजे विमान खऱ्या अर्थाने उपयोगी झालं ते या कुरणावर.

मैदानाला निदान तासभर द्या. सावली नाही: टोपी, पाणी, पूर्ण बूट, आणि उन्हाळ्यात उंच गवतात गोचीड असतात म्हणून लांब पँट. टेकडीवरचं दुसरं माहिती केंद्र आणि ग्रॅनाइटचं स्मारक जवळच आहे.

हॉथॉर्न हिल हे ऑरव्हिल यांचं घर आधी नोंदणी केली तरच आतून पाहता येतं. कवी पॉल लॉरेन्स डनबार हे त्यांचे शाळासोबती. त्यांचं घर विल्यम्स स्ट्रीटपासून जवळ आहे. हवाई दलाचं संग्रहालय मोफत आहे, पण अवाढव्य. त्याला वेगळा दिवस ठेवा.