सामुदायिक बाग चालवताना या चुका टाळा

सामुदायिक बागा कीड पडून बंद पडल्याची उदाहरणं कमी. त्या बंद पडतात दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत. शनिवारी पंधरा जण येतात, वाफे भरतात, रोपं लावतात. रविवार ते शुक्रवार त्या रोपांकडे कोणी बघायचं, हे मात्र ठरलेलं नसतं. बाग आणि मैदानी उपक्रम यांवर सामाजिक उद्योग उभा करताना होणाऱ्या बऱ्याच चुका याच फटीतून आत येतात, पैशाच्या चुकासुद्धा.

जागा मिळाली की लगेच कुदळ मारणं

फुकट मिळालेली जागा फुकट का मिळाली, हे आधी विचारा. पाडलेली जुनी इमारत, गाड्या दुरुस्तीची जागा, मोठ्या रस्त्याची कड, अशा ठिकाणी मातीत शिसं असू शकतं. ते जुन्या रंगातून आणि शिसंयुक्त पेट्रोलच्या धुरातून आलेलं असतं आणि आपोआप निघून जात नाही. माती तपासायची तर 8 ते 10 ठिकाणांहून 15 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. जागेच्या वेगवेगळ्या भागांचा वापर वेगळा झाला असेल तर प्रत्येक भागाचा नमुना वेगळा. इथे एक मेख आहे. नेहमीच्या अहवालात सामू (आम्ल-विम्लता, pH), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश एवढंच येतं. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. ती न मागता ‘माती चांगली आहे’ असा अहवाल भिंतीवर लावणारे बरेच आहेत.

शंका असेल तर जमिनीवर जाड विणीचं कापड अंथरून त्यावर बाहेरच्या मातीचे किमान 30 सेंमी खोल गादीवाफे करा. टोमॅटो, घेवडा, काकडी अशा फळभाज्या पालेभाज्यांपेक्षा आणि कंदमुळांपेक्षा सुरक्षित, कारण फळात शिसं फार कमी उतरतं. पानांना आणि मुळांना मात्र मातीच चिकटून येते. वाफ्याच्या कडेला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर लावायचा मोह आवरा. त्यात मुरवलेलं क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) मातीतही उतरतं आणि उन्हात हातालाही लागतं.

करार लेखी हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात काय हवं ते नसतं. मुदत किती, जागा परत मागताना सूचना किती आधी (किमान एक पूर्ण हंगाम मागून घ्या), पाण्याचं बिल कोणाचं, कुंपण आणि शेड शेवटी कोणाची, बाहेरच्या लोकांना आत आणायची परवानगी आहे का, अपघाताचा विमा कोणी काढायचा. वर्षभराच्या करारावर फळझाडं लावू नका. कलमी झाडालासुद्धा नीट फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात.

वाफे जास्त, हात कमी

सर्वात महाग चूक हीच. पहिल्या दिवशीच्या गर्दीकडे बघून वीस वाफे आखले जातात. तिसऱ्या महिन्यात जे नक्की येतात, तेवढ्याच माणसांच्या हिशेबाने आखा. ती संख्या पहिल्या गर्दीच्या निम्मीसुद्धा नसते. रिकामी जागा आच्छादनाखाली झाकून ठेवली तर कोणी नावं ठेवत नाही, तणाने भरलेला वाफा मात्र येणारा प्रत्येक जण बघतो.

दोन्ही बाजूंनी हात पोचायचा तर रुंदी 120 सेंमीपेक्षा जास्त नको, भिंतीला टेकलेला असेल तर 60. मुलांसाठी 90 पुरे. चाकाच्या खुर्चीसाठी वाट किमान 90 सेंमी आणि वळायला 150 सेंमीची मोकळी जागा लागते. वाट भुसभुशीत असेल तर ही मापं कागदावरच राहतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी वाफ्याची कड 60 ते 75 सेंमी उंच घ्या.

मातीचा हिशेब: 1.2 × 2.4 × 0.3 मीटरच्या वाफ्यात 0.86 घनमीटर माती बसते. महिनाभरात ती खाली बसते, म्हणून वाफ्याला एक घनमीटर धरा. ट्रक ती फाटकापाशी ओतून जातो. 80 लिटरच्या ढकलगाडीने एक घनमीटर म्हणजे 12 ते 13 खेपा, दहा वाफ्यांच्या सव्वाशे. पहिल्याच दिवशी लोकांना हे काम दिलंत तर दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत.

पाणी: कोणी घालायचं आणि खरंच पोचलं का

वाढत्या भाज्यांना आठवड्याला साधारण 25 मिमी पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. कडक उन्हात त्याहून जास्त. वर सांगितलेल्या मापाच्या दहा वाफ्यांना आठवड्याला 720 लिटर. दहा लिटरच्या झारीने 72 फेऱ्या. फेरीला अडीच मिनिटं धरली तरी तीन तास झाले. ‘जो येईल तो घालेल’ या व्यवस्थेत हे तीन तास कोणाच्याच नावावर नसतात. ठिबक बसवा आणि तरीही रोज एकदा बघायला कोणाचं तरी नाव लिहा. नावं दोन लिहा, कारण एक जण गावाला जातोच.

ठिबकच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सुरुवातीची रोपं ओली आणि शेवटची कोरडी: लॅटरल (वाफ्यातून जाणारी ठिबकची बारीक नळी) फार लांब आहे किंवा दाब कमी आहे, पाणी एका टोकाऐवजी मधून सोडा. मधलेच काही ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडं) बंद: गाळ. फिल्टरची जाळी दर आठवड्याला धुवा आणि लॅटरलचं शेवटचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून द्या. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटं असतील तर पाणी जड आहे. ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. जोड सारखे निसटत असतील तर दाब जास्त. एक बारच्या आसपास ठेवणारा नियंत्रक लावा.

आणि टायमर चालू, बॅटरी नवी, तरी माती कोरडी असेल तर मागचा मुख्य नळ बघा. कोणीतरी जबाबदार माणसाने सत्र संपल्यावर जाताना तो काळजीपूर्वक बंद केलेला असतो. नळावर ‘हा चालूच ठेवा’ अशी पाटी तारेने बांधा. चिकटवलेला कागद दोन दिवसांत गळून पडतो.

पाणी पोचतं का, हे नुसतं पाहून कळत नाही. ताशी दोन लिटरच्या ड्रिपरखाली बाटली धरली तर पंधरा मिनिटांत अर्धा लिटर भरायला हवं. त्यानंतर खुरप्याने 10 ते 15 सेंमी उकरा. वरची माती काळी आणि खाली भुकटी असेल तर रोज थोडं घालण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी भरपूर सोडा. वर 5 ते 8 सेंमी आच्छादन, पण खोडापासून थोडं लांब, नाहीतर खोड कुजतं.

कंपोस्टचा ढीग

ढीग एक घनमीटरपेक्षा लहान असेल तर तो तापत नाही, बाकी सगळं बरोबर असलं तरी. कोरडा पाला, पुठ्ठा, काड्या दोन-तीन भाग आणि हिरवा ओला माल एक भाग, असं मापाने घाला. आतलं तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं. उतरू लागलं की ढीग उलटा. मूठभर माल दाबला तर पिळून काढलेल्या फडक्याइतका ओला लागावा. अमोनियाचा उग्र वास येत असेल तर हिरवं जास्त झालंय, कोरडं मिसळा. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा नाही: ढीग उलटा आणि काड्या घाला. घरचं शिजवलेलं अन्न स्वीकारू नका, उंदीर येतात. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून ढिगावर काम करताना हातमोजे सगळ्यांना, आणि कापलेल्या-खरचटलेल्या हातांना झाकायला पट्टी.

बाहेरून आलेलं शेणखत किंवा पेंढा सरळ वाफ्यात टाकू नका. अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊनही शेणात शिल्लक राहतात, कंपोस्ट झाल्यावरही. एका कुंडीत ते खत मिसळून आणि दुसरीत साधी माती भरून घेवड्याचं बी पेरा. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं वाटीसारखी वळली किंवा शेंडे गुंडाळले, तर खत परत पाठवा. ताजं, न कुजलेलं शेण वापरायचंच असेल तर मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी 120 दिवस. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात हीच मुदत आहे.

काम तयार नसणं

लोक कंटाळून जात नाहीत, ताटकळून जातात. दहा जण उभे आणि एकच माणूस सगळ्यांना ‘आता हे करा’ सांगतोय, हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा पाच येतात. नवख्यांच्या आठ जणांमागे एक जाणता पुरे, पण त्याने आदल्या दिवशी चिठ्ठ्या लिहून ठेवायला हव्यात. चिठ्ठी अशी: ‘वाफा 4. दोन ओळींमधलं तण मुळासकट काढा, आच्छादन परत पसरा. दोघं. अर्धा तास. खुरपी 2, घमेलं 1.’ काम कुठे संपतं हे लिहिलेलं असलं की माणूस विचारायला परत येत नाही. बसून करायचं एक काम नेहमी शिल्लक ठेवा: बी निवडणं, लेबलं लिहिणं, हत्यारं पुसून तेल लावणं.

हत्यारांच्या फळीवर प्रत्येकाची आकृती रंगवा. रिकामी आकृती दिसली की शोधाशोध तेव्हाच सुरू होते, पुढच्या आठवड्यात नव्हे. काढलेली भाजी कोणी न्यायची, हेही पहिल्या काढणीआधी लिहून लावा. बागेत सर्वात जास्त भांडणं यावरूनच होतात.

मैदानी उपक्रम

रद्द करायचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजेपर्यंत, हे आधीच ठरवा. सगळे जमल्यावर ढग बघून ‘थांबू या थोडं’ म्हणणारा कोणीतरी असतोच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्या, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर सोडू नका. झाड म्हणजे आसरा नव्हे, उघडी शेडही नव्हे. डोकी निघताना, मधे आणि परतताना मोजा. मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीच नको, कमीत कमी दोघं. फोटोची परवानगी हजेरीच्या कागदात गुंडाळून घेऊ नका, वेगळी घ्या. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येऊ शकते आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर लिहा.

दोन तासांचा हिशेब

दोन तासांच्या सत्राचे पैसे दोन तासांचेच धरले जातात. प्रत्यक्ष मोजा: दोन माणसं दोन तास म्हणजे चार, आधीची तयारी दीड, नंतरची आवराआवर एक, फोन आणि नोंदणी एक, अहवाल अर्धा. आठ तास झाले. त्यात मधल्या दिवसांच्या पाण्याचे आणि तणाचे तास अजून आलेलेच नाहीत. ते आठवड्यातल्या सत्रांत वाटून दरात घाला, नाहीतर प्रत्येक सत्र तोट्यात जातं आणि जितकी सत्रं वाढवाल तितका तोटा वाढतो.

भाजी विकून पगार निघत नाहीत, तीस चौरस मीटरवर तर नाहीच. रोपं विकणं जरा बरं: 98 खणांचा ट्रे चौरस मीटरचा जेमतेम सहावा भाग अडवतो. खरं उत्पन्न कार्यशाळा, शाळांची सत्रं, संस्थांचे गट यांतून येतं. ते हंगामात येतं आणि माती-बियांचा खर्च हंगामाआधी होतो, म्हणून महिन्यामहिन्याचा जमाखर्च वर्षभर पुढचा मांडा. कमीत कमी तीन महिन्यांचा चालू खर्च बाजूला ठेवा. कुंपणासाठी मिळालेलं अनुदान पगाराला वापरू नका, ‘नंतर भरू’ म्हणूनही नाही. अशा निधीचं खातेपान वेगळं ठेवा.

हजेरी लिहिताना भेटी आणि माणसं वेगळी मोजा. वीस जण वीस वेळा आले तर भेटी 400, माणसं 20. अहवालात ‘400 लाभार्थी’ लिहिलं की पुढच्या वर्षी देणगीदार 500 मागतो, आणि तेव्हा खरा आकडा सांगायची सोय उरलेली नसते.