चामड्याच्या हातशिलाईला धागा कुठला घ्यायचा

धागा घेताना आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, धागा कातड्यापेक्षा थोडा कमी ताकदीचा असला तरी चालतो पण कातड्यापेक्षा कडक आणि वर बारीक असा धागा अजिबात चालत नाही. शिलाई तुटली तर जुना धागा उपसून त्याच भोकांतनं परत शिवता येतं, पण धाग्यानं कातडंच कापलं आणि दोन भोकांमधली जागा फाटली तर तो तुकडा गेलाच, तिथं काही करता येत नाही. म्हणून तर तंगूस वापरू नका म्हणतो मी. मासे धरायची तंगूस ओढून बघितली की लय भारी वाटते, तुटतच नाही, आणि म्हणूनच ती पाकिटाच्या कडेला वापरली की रोजच्या उघडझाकीत भोकं लांबट करत जाते. शिवाय गुळगुळीत असल्यानं गाठही सुटते.

आता जाडी. बरेच जण कातडं किती जाड आहे ते बघून धागा घेतात, ते बघायचंच पण खरं गणित भोकांच्या अंतराचं आहे. तुमचा भोकं पाडायचा काटा 3 मिमी अंतराचा असेल तर 0.4 ते 0.5 मिमीचा धागा, 4 मिमीचा असेल तर 0.6 ते 0.8, आणि 5-6 मिमी अंतराला 0.8 ते 1 मिमी. पाकीट, कार्ड होल्डर असली बारीक कामं पहिल्या गटात, बेल्ट आणि पिशव्या दुसऱ्या, आणि जाड पट्टे, म्यानं तिसऱ्या. दोन सुयांची शिलाई, म्हणजे धाग्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवून करतात ती, करताना एकाच भोकातनं धागा दोनदा जातो हे विसरू नका, बारीक भोकात जाडा धागा कोंबला तर सुई पक्कडीनं ओढावी लागते आणि तेवढ्यात कातड्याला चीर जाते.

रिळावर जाडी लिहिलेली नसते ही नेहमीची अडचण. तेव्हा पेन्सिलीवर धाग्याचे 10 वेढे एकमेकांना चिकटून घ्या, एकावर एक चढू देऊ नका, ताणू पण नका, आणि पट्टीनं रुंदी मोजा. 6 मिमी भरली तर धागा 0.6 चा. दुकानदार काही म्हणू दे, हे माप खोटं बोलत नाही.

काही रिळांवर नुसते नंबर असतात आणि तिथं लोक हमखास फसतात कारण दोन पद्धती उलट्या चालतात. टेक्स म्हणजे 1000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड. दुसरी पद्धत टिकट नंबरची, तो मोठा तसा धागा बारीक. साधारण टिकट 40 म्हणजे टेक्स 75 च्या आसपास आणि टिकट 20 म्हणजे 150 च्या आसपास. फोनवर ऑर्डर देताना नुसतं "चाळीस नंबर द्या" म्हणू नका, कुठला चाळीस ते विचारा.

मग धागा कशाचा. साधा सुती धागा मी चामड्याला घेतच नाही, ओल आणि घामानं कुजतो. उरले तीन, लिनन, पॉलिस्टर, नायलॉन.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूचा धागा. टाका दिसायला सगळ्यात देखणा पडतो, भोकात छान बसतो, ताणला जात नाही. पण सतत ओल राहिली तर हाही कुजतो, त्यामुळं पाटण, कोयना, महाबळेश्वरकडं पावसाळाभर अंगावर राहणाऱ्या वस्तूला मी देणार नाही. पाकीट, डायरीचं कव्हर, घरात राहणाऱ्या वस्तूंना मात्र लिननच.

पॉलिस्टर हा सगळ्या कामाचा. पाणी, घाम, ऊन तिन्ही सोसतो. जत, आटपाडीकडच्या उन्हात दिवसभर राहणाऱ्या वस्तूला हाच. बेंदराला बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा शिवून मागतात तिथं 1 मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर डोळे झाकून घ्या. यात पीळ घातलेला गोल आणि वेणीसारखा विणलेला चपटा असे दोन प्रकार येतात. नवीन शिकणाऱ्यांनी विणलेला घ्यावा, त्याचा पीळ सुटायचा प्रश्नच नसतो. जर्मनीचा रिट्झा टायगर धागा याच जातीचा, 0.6 पासून 1.2 पर्यंत मिळतो, पण महाग पडतो, सराव होईपर्यंत साधा आणा.

नायलॉन मजबूत असतो पण ताणला जातो आणि उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर खराब होतो. घट्ट ओढून शिवला की नंतर तो आपल्या जागी परत आखडतो आणि मऊ कातड्याला चुण्या पडतात. मला स्वतःला आवडत नाही.

रिळावर काहीच लिहिलेलं नसेल तर टोकाला काडी लावा. कागद जळाल्यासारखा वास आणि बोटानं चुरा होणारी राख म्हणजे सुती किंवा लिनन. आखडून वितळला, काळा धूर आला आणि टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. नायलॉनचाही मणी होतो पण धूर तेवढा काळा नसतो.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण बरेचजण देतात. 2019 ला तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सातारा, सांगली हे जिल्हेही आहेत, म्हणजे आपल्याकडचीच कला, पण ती पारंपरिक शिलाई कातड्याच्या वादीची असते, तिथलं गणित धाग्याला लावू नका. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे शिवायचं साहित्य आणि कातडं एकाच स्वभावाचं आहे.

मेण नसलेला धागा आणलात तर मधाच्या पोळ्याचं मेण लावा, मेणबत्तीचं नको, ते ठिसूळ असतं आणि शिवताना पांढरे कण झडतात. महाबळेश्वरकडं मधपाळ आहेत, 2022 पासून मांघर तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, तिकडं गेलात की मेणाची चौकशी करा. धागा मेणाच्या वडीवरून अंगठ्यानं दाबून दोन-तीनदा ओढायचा, मग सुती फडक्याच्या घडीतनं जोरात ओढायचा म्हणजे घर्षणानं गरम होऊन मेण आत मुरतं आणि जादाचं निघून जातं. एप्रिल-मेमध्ये मेण कमीच लावा, मऊ पडून धूळ धरतं आणि पांढरा धागा कळकट होतो. मेणानं रंगही थोडा गडद होतो, तेव्हा रंग जुळवायचा तो मेण लावलेल्या तुकड्यावर जुळवा. कातड्याला रंग आणि तेल शिवायच्या आधी द्या, नाहीतर धागा ते पिऊन बसतो.

लांबी शिलाईच्या चौपट आणि सुयांसाठी वर वीतभर, जाड पट्ट्याला पाचपट. एका वावेपेक्षा, म्हणजे दोन्ही हात पसरून भरेल त्यापेक्षा, लांब धागा एकदम घेऊ नका, प्रत्येक भोकातनं ओढून ओढून त्याचा केस निघतो आणि शेवटचे टाके पिसारलेले दिसतात. लांब शिलाई असेल तर मध्ये नवा धागा जोडा.

शेवटाला दोन-तीन टाके उलटे मारा. लिनन असेल तर कडेला कापून गोंदाचा थेंब पुरे. पॉलिस्टरचं 2 मिमी टोक ठेवा, लायटरच्या ज्योतीचा खालचा निळा भाग बाजूनं लावा आणि वितळलं की लगेच लायटरच्या बुडानं दाबून चपटं करा. पिवळी ज्योत लावली तर काजळीचा डाग पडतो आणि फिकट कातड्यावरनं तो निघत नाही.