पेटीतली आठवी उशी

माझ्या घड्याळांच्या पेटीत आठ खण आहेत. सात भरलेत, आठव्यात नुसती उशी. पूर्वीची मी असते तर ती आठवड्याभरात भरली असती, कारण तेव्हा मी घड्याळं फोटो बघून घ्यायचे. सातपैकी तीन तशीच आली आणि तिन्ही पेटीतच लोळत राहिली. म्हणून या खेपेला ठरवलं, आधी वही, मग घड्याळ.

वहीचं काम सोपं आहे. रात्री घड्याळ काढताना दोन गोष्टी लिहायच्या. आज कोणतं घातलं, आणि सकाळी कोणतं हातात घेऊन परत ठेवलं नि का. ही दुसरी नोंद जास्त कामाची. एका शब्दात लिहिलं तरी चालतं, पण खरं लिहायचं. निदान दोन महिने तरी चालवा, कारण पहिल्या पंधरवड्यात आपण वहीला दाखवण्यासाठी सगळी घड्याळं आळीपाळीने घालतो. मी तेच केलं.

माझा ६० दिवसांचा हिशोब असा निघाला: ३६ मिलिमीटरचं साधं क्वार्ट्झ (बॅटरीवरचं) २७ दिवस, चावीचं पातळ घड्याळ १४, कॅसिओचं प्लॅस्टिकचं एफ-९१डब्ल्यू ११, पहिला डायव्हर (पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं, फिरत्या कड्याचं घड्याळ) ६, क्रोनोग्राफ (बटण दाबून वेळ मोजणारं) २. दुसरा डायव्हर आणि जुनं विंटेज घड्याळ, दोन्ही शून्य.

‘का नाही’च्या रकान्यात क्रोनोग्राफपुढे ‘बाही’ हा शब्द नऊ वेळा आला होता. विंटेजपुढे ‘हात धुणं’. दुसऱ्या डायव्हरपुढे ‘पहिला आहे की’. आणि पहिल्या डायव्हरपुढे ‘हवंय, पण जड’. माझं पुढचं घड्याळ या शेवटच्या नोंदीत दडलेलं होतं, हे कळायला मला आणखी महिना लागला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसातून वीस-पंचवीसदा हात धुते, कुणाची नाडी मोजते, कुणाला शेक देऊन पंधरा मिनिटांनी परत बघते, कुणाची सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेते. वेळ मोजणं हेच काम, म्हणून क्रोनोग्राफ घेतला. आत व्हालजू ७७५० ही यंत्रणा होती, नावाजलेली आणि दणकट. पण अशा घड्याळात मधला लांब काटा हा चालता सेकंदकाटा नसतोच. बटण दाबेपर्यंत तो बारावर गप्प उभा असतो. चालू सेकंद दाखवणारा काटा असतो नऊच्या जागच्या छोट्या वर्तुळात, नखाएवढा. एका हातात पेशंटचं मनगट धरलेलं असताना दुसऱ्या हाताने बटण दाबायचं कसं? आणि नाडीसाठी त्या नखाएवढ्या काट्याकडे डोळे बारीक करून बघायचं. तीस सेकंद मोजायला साध्या घड्याळाचा मधला सेकंदकाटा कितीतरी बरा.

शिवाय जाडी. ७७५०ची नुसती यंत्रणाच ७.९ मिलिमीटर जाड आहे. वर डायल, काटे, काच आणि खाली झाकण आलं की घड्याळ चौदाच्या आसपास जातं. त्या मानाने ईटीए २८२४-२ ही यंत्रणा ४.६ मिलिमीटर, आणि चावीच्या पातळ घड्याळांत सापडणारी ७००१ फक्त २.५. बाहीखाली घालायचं असेल तर केसच्या आकड्याबरोबर आतली यंत्रणा कोणती हेही बघा. ७७५०चा रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरणारं आतलं वजन, एकाच दिशेने चावी भरतो, उलट दिशेला मोकळा भिरभिरतो, आणि हात झटकला की मनगटावर ती थरथर जाणवते. काहींना ती आवडते. मला पहिल्या दिवशी आवडली होती.

आता मापं. जाहिरातीत व्यास मोठ्या अक्षरात असतो, पण घड्याळ हातावर बसेल की नाही हे ठरतं लांबीवरून. पट्टा ज्यांना अडकतो त्या वरच्या लगच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर, ही लांबी. आधी मनगटाचा वरचा सपाट भाग मोजा, घेर नव्हे. माझा घेर १५ सेंटिमीटर आहे आणि सपाट भाग ४८ मिलिमीटर. ४८पेक्षा लांब घड्याळाची टोकं माझ्या हाताबाहेर डोकावतात, मग व्यास कितीही लहान असो. उलट सीकोचा एसकेएक्स००७, हाच माझा पहिला डायव्हर, व्यासाला ४२च्या वर आहे, पण लांबीला ४६. म्हणून तो एवढ्याशा मनगटावरही बसतो. बसतो, हलका मात्र होत नाही. लग सरळ आहेत की खाली वळलेले, तेही बाजूच्या फोटोत बघा. सरळ लगचं पातळ घड्याळ आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

चौकोनी घड्याळाचं गणित वेगळंच. ३८ मिलिमीटरचा चौरस ३८ मिलिमीटरच्या वर्तुळापेक्षा क्षेत्रफळाने सव्वापटीहून थोडा मोठा असतो, त्यामुळे गोल घड्याळाचा आपला नेहमीचा आकडा तिथे चालत नाही.

यावर माझा उपाय पुठ्ठा. घड्याळाची लांबी-रुंदी पुठ्ठ्यावर आखायची, कापायची, जाडी भरेपर्यंत एकावर एक थर चिकटवायचे आणि दोरीने हाताला बांधून संध्याकाळभर वावरायचं. भाचा आला होता, त्याने हाताकडे बघितलं.

“मावशी, हे वेळ काय दाखवतं?”

“घेऊ नको असं दाखवतं,” म्हटलं. “मघापासून तीनदा दाराच्या चौकटीला आपटलंय.”

खुशाल हसा. पण कापलेला पुठ्ठा टाकून देता येतो. आणखी एक: मनगटाचा मोबाइलवर जवळून काढलेला फोटो घड्याळ फुगवून दाखवतो. आरशासमोर चार-पाच फुटांवर उभं राहून बघा, लोकांना तुमचं घड्याळ तेवढंच दिसतं.

बायकांचं, पुरुषांचं हे लेबल मी बघतच नाही. १९४०-५०च्या दशकांत पुरुषांची घड्याळं सर्रास ३३ ते ३५ मिलिमीटरची असायची, आज तीच मापं ‘लेडीज’च्या कप्प्यात गेलीत. आणि त्या कप्प्यात पुष्कळदा होतं असं की घड्याळ लहान करताना आतली चांगली यंत्रणाही काढून घेतात. मापावर जा.

यंत्रणा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे घड्याळ सलग किती दिवस हातावर असेल? एकच घड्याळ असलेल्याला ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, सोयीचं. आठ असलेल्याला नाही. साधारण ३८ तास चालणारं ऑटोमॅटिक शुक्रवारी रात्री आठला काढलंत तर रविवारी सकाळी दहाला थांबतं. पॉवरमॅटिक ८० सारखी ८० तासांची यंत्रणा मंगळवारी पहाटेपर्यंत तग धरते, म्हणजे सोमवारी सकाळी तयार. त्यासाठी तिची गती तासाला २८,८०० ठोक्यांवरून २१,६०० वर आणली आहे, त्यामुळे सेकंदकाटा जरा कमी गुळगुळीत सरकतो. मला तो सौदा मान्य आहे.

थांबलेलं घड्याळ लावताना वेळेपेक्षा तारखेचा त्रास जास्त. बऱ्याच यंत्रणांत रात्री नऊ ते तीनच्या दरम्यान तारीख बदलणारे दाते आधीच गुंतलेले असतात, आणि तेव्हा चावीने तारीख पुढे ढकलली तर ते मोडू शकतात. काटे आधी सहावर आणायचे, मग आदल्या दिवसाची तारीख लावायची, मग काटे फिरवत आजच्या वेळेवर यायचं. सकाळी घाईत हे कोण करतं! म्हणून पाचव्या-सहाव्या घड्याळापासून पुढे मी बिनतारखेचंच सुचवते.

अचूकतेसाठी क्वार्ट्झला तोड नाही. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्या आकड्याला १५ वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, तोच काट्याचा टप्पा. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळालासुद्धा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. ‘खऱ्या शौकिनाने क्वार्ट्झ घेऊ नये’ म्हणणाऱ्यांना माझ्या वहीतले २७ आणि ११ दाखवावेसे वाटतात.

चुंबकाचं विसरू नका. एकदा चावीचं घड्याळ घालून मी चुंबकीय उपचाराच्या मशीनजवळ काम केलं आणि संध्याकाळी ते काही मिनिटं पुढे गेलेलं. आतल्या केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग ती आखूड असल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. कारागिराने डीमॅग्नेटायझरवर क्षणभर धरलं, झालं. तुमचं काम मोठ्या स्पीकरजवळ किंवा मोटारींजवळ असेल तर सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असलेलं बघा.

पाण्याबद्दल थोडक्यात. ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर बुडी मारता येते असं नाही, ते शिंतोड्यांपुरतं. पोहायला १०० हवं, आणि डायव्हर म्हणवून घ्यायला आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे निदान १०० लागतंच. स्क्रूची चावी असलेलं घड्याळ रोज हाताने भरायचं असेल तर मात्र जपून, आटे झिजतात.

विंटेजवर मी आपटले ते सांगते, कारण ते ओळखता आलं असतं. डायल सुरेख, मलईसारखी, खाली सहाजवळ ‘टी स्विस मेड टी’ छापलेलं. ते टी म्हणजे ट्रिटियम, आकडे अंधारात चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ. पहिल्या रात्री दिवा मालवला आणि आकडे हिरवेगार चमकले, पहाटेही दिसत होते. मी खूश! सकाळी चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. पन्नास वर्षांत उरतो सोळावा हिस्सा, वर चमकणारी भुकटीही म्हातारी झालेली असते. त्या वयाच्या डायलने अंधारात जवळपास आंधळं असायला हवं. म्हणजे रंग नव्याने भरलेला. मग भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडाही फुगलेल्या दिसल्या, अख्खी डायलच पुन्हा छापलेली. विकणाऱ्याने ‘मूळ’ म्हटलं होतं. तेव्हा विंटेज घेताना अंधारातला फोटो मागा, भिंगातला मागा, आणि झाकण उघडल्याचाही मागा. आढेवेढे घेतले तर सोडून द्या.

सांभाळण्याचा हिशोबही आधीच करा. यांत्रिक घड्याळाची साफसफाई आणि तेलपाणी साधारण पाच वर्षांनी धरलं, तर आठ यांत्रिक घड्याळं म्हणजे दर साडेसात महिन्यांनी एक कारागिराकडे. पट्ट्याची रुंदी मात्र लोक विसरतात. माझी तीन घड्याळं २०ची, दोन २२ची. २०चं नवं घड्याळ घेतलं तर घरातले २०चे सगळे पट्टे त्यालाही चालतात. १९ किंवा २१ असेल तर पट्टे शोधत फिरा. आणि खरेदीची हुक्की आली की आधी जुन्याच घड्याळाला नवा पट्टा लावून पंधरा दिवस बघा. माझ्या निम्म्या हुक्क्या तिथेच विरल्या.

तर आठव्या उशीवर काय? वेळ मोजायला मी क्रोनोग्राफ घेतला, पण शेक देताना हात जायचा डायव्हरच्या फिरत्या कड्यावर. कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, बस, पुढे नजर टाकली की किती मिनिटं झाली ते समोर. एका बोटाचं काम, ओल्या हातानेही होतं. कडं एकाच दिशेने फिरतं, म्हणून धक्का लागला तरी ते वेळ जास्त झाल्याचंच दाखवतं, कमी नाही. मला हवं होतं ते हेच, फक्त लहान आणि हलकं. मग यादी झाली: कडं असलेलं, व्यास ३७च्या आत, लांबी ४५च्या आत, जाडी ११च्या आत, १०० मीटर किंवा जास्त, बिनतारखेचं, मधला सेकंदकाटा ठळक, क्वार्ट्झ किंवा सोलर, पट्टा शक्यतो २०चा. यादीत ब्रँड नाही. तो मुद्दामच शेवटी, कारण आधी लिहिला की बाकीची मापं आपण त्याच्या सोयीने वाकवतो.

दुसरा डायव्हर भाच्याला दिला, क्रोनोग्राफ विकला. यादीत बसणारी दोन सापडली, दोघांचे पुठ्ठे कापले, एक बाद झालं. उरलेलं मागवलंय.

आल्यावर काय करायचं तेही वहीत लिहून ठेवलंय. काचेवरची फिल्म तशीच ठेवून आधी तपासायचं: कड्याचा त्रिकोण बरोबर बारावर येतो का, सेकंदकाटा खुणांवरच थांबतो का, चावी बाहेर ओढून पुन्हा आत ढकलताना अडकते का, अंधारात सगळे आकडे सारखे चमकतात का. मग वेळ लावून सात दिवस घरातच, रोज रात्री किती सेकंद फरक पडला त्याची नोंद. परत करायची मुदत किती ते आधी विचारून घ्या, आणि हे सगळं त्या मुदतीच्या आत उरका. फिल्म काढायची ती आठव्या दिवशी.