अमेरिकेहून आलेला भाऊ ‘तिकडे सगळं मेरिटवर’ म्हणतो तेव्हा काय बोलायचं

डिसेंबर आला की आपल्या नागपुरात दर दुसऱ्या घरी कोणी न कोणी अमेरिकेहून आलेलं असते, गच्चीवर उन्हात संत्री सोलत गप्पा सुरू होतात आणि फिरून फिरून गाडी तिथेच येते, तिकडे आरक्षण नाही काही नाही, मेहनत करा न पुढे जा, ब्लॅक लोकांनाच शिकायचं नसते. मी कितीतरी वर्षं एकतर गप्प बसलो नाहीतर भांडलो, दोन्हीने काहीच झालं नाही. आता जे करतो ते लिहून राहिलो.

पहिले तर भाषण द्यायचं नाही, घराचं विचारायचं. दादा, हेच घर का घेतलं? माझ्या मामेभावाने लगेच फोन काढला, ॲपवर घराचा फोटो, खाली किंमत आणि त्याच्याखाली जवळच्या शाळेला १० पैकी ९. म्हणे ह्या ९ चेच तर पैसे मोजले, थोडं पलीकडे तेवढंच घर स्वस्तात होतं पण तिथली शाळा ४ वाली. बस, इथेच थांबायचं आणि विचारायचं की ते ९ आणि ४ आले कुठून.

तिकडे सरकारी शाळेच्या पैशातला मोठा हिस्सा त्या त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. घरं महाग तर टॅक्स जास्त जमा होते. ह्यासाठी एक केस लक्षात ठेवा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची. एजवूड नावाचा भाग, बहुतेक लोक मेक्सिकन वंशाचे, आणि त्याच शहरात अलामो हाइट्स, बहुतेक गोरे. १९६७-६८ मध्ये एजवूडवाले घराच्या दर १०० डॉलर किमतीवर १.०५ डॉलर टॅक्स भरत होते आणि त्यातून एका पोरामागे जमायचे २६ डॉलर. अलामो हाइट्सवाले भरायचे ०.८५ आणि जमायचे ३३३! राज्याचे न केंद्राचे पैसे धरूनही ३५६ विरुद्ध ५९४. म्हणजे गरीब माणूस जास्त दराने टॅक्स भरूनही पोराला कमी देऊ शकत होता. देमेत्रियो रॉड्रिगेझ आणि बाकीचे पालक कोर्टात गेले, आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शिक्षण हा त्यांच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्कच नाही. नंतर टेक्सासने नियम बदलले, तेही सांगायचं, आपल्या सोयीचं तेवढंच सांगू नका.

मग तो म्हणेल, घ्यावं न ब्लॅक लोकांनीही महाग एरियात घर. तर १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्या लाल रंगवल्या होत्या, ‘कर्ज देणं धोक्याचं’ म्हणून. घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. आपल्याकडे आजोबाच्या सात-बाराने नातवाचं शिक्षण होते, तसं तिकडे घराने होते, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबाला घरच घेऊ दिलं नाही.

गोऱ्या-काळ्या पोरांच्या शाळा एकत्र करायचा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा, हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं ते सांगा. गोऱ्या-काळ्या पोरांना एका वर्गात बसवण्यापेक्षा त्यांनी १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा काढली. ब्लॅक पोरांची पाच वर्षं गेली. सात वर्षांच्या पोरीचं वय बारा होते हो तेवढ्यात! हे सांगताना माझा आवाज चढते, चढू दे.

"आपण भारतीय नाही का गेलो पुढे?" हे येणारच. दादाची मेहनत नाकारू नका, ती खरी आहे. फक्त सांगा की १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडलं तेव्हा आपल्याकडून सुरुवातीला गेले ते बऱ्याच अंशी शिकलेले डॉक्टर-इंजिनियर, आणि तो कायदा आला ब्लॅक लोकांच्या हक्काच्या लढाईने देशाची हवा बदलली तेव्हा.

कॉलेजच्या ॲडमिशनवर जपून बोला. तिकडे आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत, वंशावर ठरलेला कोटा १९७८ मध्येच कोर्टाने नाकारला होता, वंश हा एक मुद्दा म्हणून बघता यायचा, तेही २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने बहुतेक बंद झालं. आशियाई पोरांवर अन्याय होते अशी त्या केसमध्ये तक्रार होती, भावाच्या पोरीचा प्रश्न असेल तर त्याची काळजी ऐकून घ्या, हसण्यावारी नेऊ नका. मग विचारा की माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना झुकतं माप देणारी कॉलेजं आहेत, त्याला मेरिट म्हणायचं का.

शब्द सांभाळा. ब्लॅक किंवा आफ्रिकन अमेरिकन म्हणा, घरात ‘कल्लू’ कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे टोका, मामा असो की काका.

आणि गोष्ट इकडे वळली तर वळू द्या. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस ह्या ब्लॅक विचारवंताला पत्र लिहून अस्पृश्यांची न तिथल्या ब्लॅक लोकांची स्थिती किती सारखी आहे हे सांगितलं, त्यांचं उत्तरही आलं. मी भावाला दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमीवर घेऊन गेलो. परत येताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणे, त्या ४ वाल्या शाळेसमोरून मी रोज ऑफिसला जातो रे, आत काय आहे कधी पाहिलंच नाही.