पुस्तकं चाळताना होणाऱ्या या चुका टाळा

पुस्तक प्रदर्शनात शिरलं की समोरच्याच टेबलावर "कुठलंही पुस्तक १०० रुपये" अशी पाटी असते, सगळी गर्दी तिथंच असते आणि अर्ध्या तासात लोक चार-पाच पुस्तकं पिशवीत टाकून बाहेर. त्यातली दोन नंतर कपाटात तशीच पडून राहतात, बरोबर ना? मी वीसेक वर्षं अप्पा बळवंत चौकातली दुकानं, साहित्य संमेलनातले ग्रंथप्रदर्शनाचे गाळे, मुंबईला गेलो की फ्लोरा फाउंटनजवळचे फुटपाथवाले, असं सगळीकडे पुस्तकं चाळत फिरतोय, आणि नको ते पुस्तक घरी येतं ते बहुतेक वेळा चाळायची घाई झाली म्हणूनच येतं. आपण मुखपृष्ठ बघतो, मलपृष्ठ वाचतो, किंमत बघतो, झालं. शीर्षकाचं पान उलटलं की त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरातलं एक पान असतं, तिथं कोणी थांबतच नाही, आणि कामाची माहिती सगळी तिथंच असते.

त्या पानावर पहिली आवृत्ती कधीची आणि हातातलं पुस्तक कधीचं हे बघा. आपल्याकडे गंमत अशी की नुसती पुन्हा छपाई झाली तरी बरेच प्रकाशक "पाचवी आवृत्ती" लिहितात, त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून मजकूर नवा आहे असं समजू नका, "सुधारित आवृत्ती" किंवा "सुधारून वाढवलेली" असे शब्द आहेत का ते शोधा. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकात कधी इसवी सन नसतोच, फक्त शके असतो, त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे शके १८५७ दिसलं तर साधारण १९३५ सालचं पुस्तक.

कादंबरीला साल जुनं असलं तर काहीच बिघडत नाही, पण कायदा, टॅक्स, गुंतवणूक, औषधं, कॉम्प्युटर अशा पुस्तकांना साल बघितल्याशिवाय हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं ४२० कलम आता ३१८ झालंय, तरी "सर्वसामान्यांसाठी कायदा" टाइपची जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून लोक अजून घेतायत. तसंच २०१७ च्या आधीचं व्यापाऱ्यांसाठीचं टॅक्सचं पुस्तक, त्यात जीएसटीच नसणार, मग ते रद्दीच्या भावात मिळालं तरी काय कामाचं.

कादंबरीला इतिहास समजणं

ही मराठी वाचकाची सगळ्यात मोठी चूक आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला याचं मनापासून वाईट वाटतं. प्रदर्शनात "ऐतिहासिक" अशी एकच पाटी लावतात आणि त्याखाली कादंबऱ्या, चरित्रं, बखरी, संशोधन सगळं एकत्र मांडलेलं असतं. माझा भाचा आठवीत असताना शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी आम्ही अशाच एका टेबलावरून पुस्तक आणलं, पोराने त्यातला महाराज आणि जिजाऊंचा एक संवाद अख्खा पाठ केला, म्हटला पण फार सुंदर, आणि शेवटी परीक्षकांनी शांतपणे विचारलं, बाळा हे बोलणं कुठल्या कागदात सापडलं? पोराला काय माहीत. घरी येऊन पुस्तक नीट बघितलं तर शीर्षकाच्या पानावर अगदी बारीक अक्षरात "कादंबरी" असं छापलेलं होतं, आणि ते बघायचं काम माझं होतं, त्याचं नाही.

तेव्हापासून मी मधलं कुठलंही एक पान उघडून वाचतोच. "राजांच्या मनात विचार आला", "त्यांचे डोळे पाणावले", दोघांचं एकांतातलं बोलणं अवतरणचिन्हात, असं काही दिसलं की ती कादंबरी, मग मलपृष्ठावर सत्यकथा लिहिलेलं असो की आणखी काही. शेवटी संदर्भसूची आहे एवढ्यावरून फसू नका, कादंबरीकारही अभ्यास करतात आणि यादी देतात. इतिहासाच्या पुस्तकात कुठलं विधान कुठल्या पत्रावरून किंवा बखरीवरून केलंय ते त्या त्या ठिकाणी तळटीपेत सांगितलेलं असतं, आणि जिथं कागद मिळत नाही तिथं लेखक तसं कबूल करतो. हा फरक एकदा डोळ्यांनी बघायचा असेल तर मोठ्या वाचनालयात जाऊन इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेतला कुठलाही एक खंड मागा, पहिला खंड १८९८ चा आहे. नुसती पत्रं, मोडीतून वाचून छापलेली, त्या काळच्या भाषेत. सलग वाचवत नाही, पण दहा पानं चाळली की इतिहास कशावर उभा असतो ते समजतं. कादंबरी वाचू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी स्वतः त्या वाचूनच इतिहासाकडे वळलो, फक्त घेताना आपण काय घेतोय ते माहीत असू दे.

नाव तेच, पुस्तक अर्धं

लहान मुलांसाठी पुस्तक घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतं आणि बाजारात कितीतरी जणांची "श्यामची आई" मिळते, ५० रुपयांचीही मिळते. छापणं चांगलंच आहे, पण त्यातल्या काही प्रती संक्षिप्त असतात आणि तो शब्द कव्हरवर असेलच असं नाही. या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाला "रात्र" म्हटलंय, म्हणून अनुक्रमणिका उघडा आणि त्यातल्या रात्री किती आहेत ते मोजा. पूर्ण पुस्तकात ४२ रात्री आहेत, शेवटची आईच्या स्मृतिश्राद्धाची. वीस-पंचवीसच दिसल्या तर ते खाली ठेवा आणि शेजारचं उचला, दहा-वीस रुपयांसाठी पोराच्या हातात अर्धी आई देऊ नका.

अनुवादित पुस्तकाचंही असंच. शीर्षकाच्या पानावर अनुवाद, स्वैर अनुवाद, रूपांतर, भावानुवाद, संक्षिप्त यातला कुठला शब्द आहे ते बघा, प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. रूपांतरात गाव आणि माणसांची नावंसुद्धा बदललेली असू शकतात. मूळ भाषा कोणती आणि अनुवाद थेट त्या भाषेतून झालाय की इंग्रजीवरून, हेही बघा. कन्नड लेखक एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाला आपल्याच वाटतात त्यात उमा कुलकर्णींनी थेट कन्नडमधून केलेल्या कामाचा वाटा मोठा आहे. अनुवादकाचं नावच कुठं छापलं नसेल तर मी ते पुस्तक घेत नाही.

आणखी एक चूक, कायम एकाच कपाटासमोर उभं राहणं. कथा वाचणारा विज्ञानाकडे फिरकत नाही, चरित्रं वाचणारा ललितकडे बघतही नाही. नवीन लेखक पारखायला दिवाळी अंकासारखी सोय दुसरी नाही, १९०९ ला मासिक मनोरंजनपासून ही परंपरा चालू आहे, एका अंकात कथा, लेख, कविता, प्रवास सगळं चाखायला मिळतं आणि ज्याचं लिहिणं आवडलं त्याचं पुस्तक मग निवांत शोधायचं. पैसे न घालवता चाळायचं असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला एक दिवस जाऊन या, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं ठेवलीत, ओसरीवर बसून वाचा, कोणी उठवत नाही.

पैसे देण्याआधी

सूट बघण्याआधी छापील किंमत बघा, तिच्यावर स्टिकर चिकटवलेला असेल तर विचारा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात पुस्तकावर वेगळा टॅक्स लावलेला दिसला तर तिथंच थांबवा. फुटपाथवर नवी कोरी बेस्टसेलर अर्ध्याहून कमी किमतीत दिसली तर अक्षरं फिकट आहेत का, समास तिरका कापलाय का, कागदातून मागची छपाई दिसते का ते बघा, तसं असेल तर ती पायरेटेड प्रत आहे आणि तिचा एक रुपयाही लेखकाला जात नाही.

आणि शेवटी पानांचे आकडे भराभर बघून घ्या. पुस्तक बहुतेक वेळा १६-१६ पानांच्या गठ्ठ्यांनी, म्हणजे फर्म्यांनी बांधलेलं असतं, बांधणीत एखादा फर्मा राहिला की ४८ नंतर एकदम ६५ येतं, नाहीतर तीच १६ पानं दोनदा येतात. रहस्यकथेत हे रात्री दीड वाजता कळलं तर काय होतं ते मी भोगलंय. असं झालं तर पुस्तक टाकून देऊ नका, त्यावर खुणा करू नका, चुकलेल्या पानांचे फोटो काढा आणि बिल घेऊन दुकानात जा, दुकानदाराने नाही म्हटलं तर त्याच बारीक अक्षरांच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आणि फोन असतो, तिथं फोन करा. मी आजवर तीनदा केलाय आणि तिन्ही वेळा बदलून प्रत मिळाली.